एड्समधील जालपटलशोथ

एचआयव्ही संक्रमणाच्या अखेरच्या अवस्थेत सायटोमेगॅलोव्हायरसामुळे जालपटलास (डोळ्याच्या आतील प्रकाशसंवेदी पडद्यास) येणारा शोथ (दाहयुक्त सूज). रक्तातील सीडी-४ कोशिकांची संख्या दर घन मिमी.स ५० हून खाली गेल्यावर तो बहुधा उद्भवतो. डोळा दुखत नाही, लालही होत नाही. दृष्टीसमोर ठिपके तरंगतात एवढेच. त्यामुळे रुग्ण उशिरा येतो आणि उपचारांवाचून अंधत्व येते. नागिणीच्या व्हायरसाने होणारा जालपटलाचा ऊतकमृत्यू याहून वेगवान असतो.

भारतात एचआयव्ही संक्रमणाचे पहिले निदान १९८६ मध्ये मद्रास (चेन्नई) येथे झाले. अमेरिकेत गॅन्सिक्लोव्हिरास १९८९ मध्ये मान्यता मिळाली; परंतु ते शिरेतून दीर्घकाळ द्यावे लागे व थांबविताच रोग उलटे. खरा पालट १९९६ पासूनच्या संयुक्त औषधयोजनेने झाला. प्रतिकारशक्ती सावरल्यावर गॅन्सिक्लोव्हिर बंद करता येऊ लागले. तोंडाने घ्यावयाचे व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर २००१ मध्ये आले. महाराष्ट्रात संयुक्त औषधे शासनातर्फे मोफत मिळू लागली ती १ एप्रिल २००४ पासून, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, पाथरीसारख्या (जि. परभणी) गावातील रुग्णास हे अंतर थोडे नव्हते. पुढे अशी केंद्रे जिल्ह्यांतही निघाली. तथापि ही औषधे नष्ट झालेले जालपटल परत आणीत नाहीत. बाहुली विस्फारून नेत्रतळ वेळीच पाहिला गेला, तरच उरलेली दृष्टी वाचते.