जुनी जीप, हिरवा रंग आणि आरसीवरचं ‘पेट्रोल’

आजचा एपिसोड मला 20 हजार रुपयांना पडलाय, त्यामुळे शेवटपर्यंत ऐका.

झालं असं. सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर गाडी घालायचं वेड लागलं आणि मी जुनी फोर बाय फोर शोधायला लागलो. जुनी का, तर नवी परवडत नाही. एके रात्री मोबाईलवर जाहिरात दिसली. मिलिटरी हिरवा रंग, 31 इंची टायर, पुढे विंच, वर रोल केज. खाली लिहिलेलं : ‘दुसऱ्या महायुद्धातली ओरिजिनल विलीज, फुल्ली मॉडिफाइड, पाच लाख.’ फोन केला तर मालक म्हणाला, उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय. झालं! मी गाडी न बघताच 20 हजार इसार पाठवून मोकळा.

रविवारी बघायला गेलो तेव्हा मामांना सोबत घेतलं. मामांनी कराड-पाटण रस्त्यावर बरीच वर्षं वडापची जीप चालवलीय. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, इंजिन सुरू करायला लावलं, जरा वेळ ऐकलं आणि मालकाला म्हणाले, “कागद दाखवा.” मग मला बाजूला घेऊन, “आरं, गाडी डिझेलवर चालतीय आणि कागदावर पेट्रोल हाय.”

आता पेट्रोलच्या जीपमध्ये डिझेल इंजिन येतं कुठून? याचं उत्तर शोधता शोधता मी थेट 1940 मध्ये पोचलो.

जुलै 1940. युरोपात युद्ध पेटलेलं. अमेरिकेच्या लष्कराला हलकी, चारही चाकांना ताकद देणारी गाडी हवी होती. त्यांनी 135 कंपन्यांना विचारलं आणि नमुना द्यायला मुदत दिली 49 दिवस. बॅंटम नावाच्या छोट्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनिअरला बोलावलं. त्याने काही दिवसांत आराखडा काढला आणि 23 सप्टेंबर 1940 ला पहिली गाडी लष्कराच्या दारात उभी राहिली. पण बॅंटमची एवढ्या गाड्या बनवायची ऐपत नव्हती. मोठी ऑर्डर गेली विलीज-ओव्हरलँडकडे आणि फोर्डकडे. विलीजचं इंजिन दणकट होतं : 2.2 लिटर, पेट्रोल, 60 हॉर्सपॉवर. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून 6 लाखांहून जास्त जीप बनवल्या.

या गाडीची रचना नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. खाली शिडीसारखी चेसिस, वर बोल्टने बसवलेली बॉडी, दोन्हीकडे अखंड अ‍ॅक्सल आणि पाटे. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस, जी ताकद पुढच्या चाकांनाही देते. सगळं उघडं, सगळं पान्याने सुटणारं. रणांगणावर झटपट दुरुस्ती व्हावी म्हणून हे केलेलं. पण जी गाडी सहज सुटते, तिच्यात दुसऱ्याचा भागही सहज बसतो. मॉडिफिकेशनचं मूळ इथे आहे.

आता मुंबईत येऊ. 2 ऑक्टोबर 1945 ला ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी सुरू झाली. त्यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि 1948 मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. विलीजच्या जीप सुट्या भागांत जहाजाने यायच्या आणि माझगावात जोडल्या जायच्या. पुढे हळूहळू भाग इथेच बनायला लागले.

याच काळातला आणखी एक किस्सा मला इसार पाठवायच्या आधी माहीत असायला हवा होता. 1948 मध्ये काश्मीरमध्ये लढाई चालू होती आणि लष्कराला तातडीने जीप हव्या होत्या. लंडनमधल्या आपल्या उच्चायुक्तालयाने वापरलेल्या, दुरुस्त केलेल्या जीपचा करार केला. व्ही. के. कृष्ण मेनन तेव्हा उच्चायुक्त होते. पैसे आधीच मोजले गेले आणि आल्या फक्त 155 जीप, त्याही वापरण्याजोग्या नव्हत्या. संसदेत गदारोळ झाला. शेवटी 1955 मध्ये सरकारने प्रकरण बंद केल्याचं जाहीर केलं. स्वतंत्र भारताचा पहिला मोठा घोटाळा म्हणून हा ‘जीप घोटाळा’ सांगितला जातो. म्हणजे गाडी न बघता सेकंडहँड जीपला पैसे देणारा मी काही पहिला नाही!

पुढचा टप्पा 1953. विलीजने नवं इंजिन आणलं. सिलिंडर तेवढेच, पण आत हवा घेणारे व्हॉल्व्ह वर नेलेले. त्यामुळे इंजिन उंच झालं आणि ते मावावं म्हणून बोनेट उचलावं लागलं. हे मॉडेल सीजे-3बी, आपल्याकडच्या गॅरेजच्या भाषेत ‘हाय बोनेट’. महिंद्राने हेच मॉडेल भारतात वर्षानुवर्षं बनवलं. आणि मी इसार दिलेल्या गाडीचं बोनेट? उंच. म्हणजे ती महायुद्धातली असूच शकत नाही. महायुद्ध 1945 ला संपलं, उंच बोनेट आलं 1953 ला. आरसीवरही 1971 लिहिलेलं होतं. फोटो बघतानाच हे कळायला हवं होतं.

आता डिझेलचं कोडं. ही पेट्रोल इंजिनं भरपूर पितात. आपल्याकडे कित्येक वर्षं डिझेल पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त होतं. शेतकरी, ठेकेदार, वडापवाले यांना रोजचा हिशोब जुळवायचा असतो. मग इंजिन म्हातारं झालं की गावचा मेस्त्री ते उतरवायचा आणि कुठल्यातरी डिझेल गाडीचं इंजिन चेसिसवर बसवायचा. माउंटिंग वेल्डिंग करून, गिअरबॉक्सला जोडपट्टी लावून गाडी पुन्हा रस्त्यावर. कंपनीलाही हे दिसत होतंच. महिंद्राने प्यूजोच्या परवान्याने 2112 सीसीचं डिझेल इंजिन आपल्या इगतपुरीला बनवायला घेतलं आणि एमएम 540 सारख्या जीपमध्ये कंपनीतूनच डिझेल मिळायला लागलं.

मामा म्हणाले, “तेव्हा हौस कुणाला होती रे? पोटासाठी करायचो.” मागची बाकडी, वरचं छप्पर, वाढवलेले पाटे, सगळं जास्त माणसं बसावीत म्हणून. आज आपण लिफ्ट किट आणि मोठे टायर लावतो ते हौसेसाठी. पण चेसिस तीच असते, आधीच्या प्रत्येक मेस्त्रीच्या वेल्डिंगसकट. आमच्या भाषेत सांगायचं तर हा 50 वर्षांचा कोड आहे, प्रत्येकाने बदल केलेत आणि कमिट मेसेज कुणीच लिहिलेला नाही.

मोठ्या टायरचंच बघा. या जीपचा मूळ टायर साधारण 28 इंच उंच. त्याजागी 31 लावला की घेर जवळजवळ 11 टक्क्यांनी वाढतो. स्पीडोमीटर 45 दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात 50 ला असते. चाकावर मिळणारा जोर त्याच प्रमाणात कमी होतो आणि जुन्या ड्रम ब्रेकवर ताण वाढतो. खालची उंची वाढते हे खरं, पण ती फुकट येत नाही.

आणि कायदा? मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. इंजिन बदलायचं तर परवानगी लागते आणि आरसीवर नोंद लागते. 2000 सालच्या दुरुस्तीने हे कलम आणखी कडक झालं : कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळी ठरेल अशी गाडी करायची नाही. 9 जानेवारी 2019 ला सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. वर तो मिलिटरी हिरवा रंग! केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम 121 आहे : संरक्षण खात्याची नसलेली गाडी ऑलिव्ह ग्रीन रंगवता येत नाही. म्हणजे ज्या रंगावर मी भाळलो, तोच नियमात बसत नव्हता.

हे कागदापुरतं आहे असं समजू नका. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. त्यानंतर दर 5 वर्षांनी पासिंग. तिथे इन्स्पेक्टर चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून बघतो. जुळलं नाही की गाडी अडकली. अपघात झाला तर विमा कंपनीही हाच प्रश्न विचारणार, आणि समोरच्या माणसाची भरपाई तुमच्या खिशातून जाऊ शकते.

मामा शेवटी गाडीखाली शिरले. चेसिस नंबरच्या पट्टीवर ग्रीस होतं, ते फडक्याने पुसलं. नंबराच्या दोन्ही बाजूंना वेल्डिंगची रेघ होती. ते बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, “चल.” इसार परत मागितला तर मालक म्हणाला, सौदा तुम्ही मोडताय, इसार मिळत नसतो. मामा गप्प राहिले, मीही.

तर मंडळी, जुनी फोर बाय फोर बघायला जाल तेव्हा विंच आणि टायर शेवटी बघा. आधी आरसीवरचं इंधन आणि साल, मग चेसिसवर पंच केलेला नंबर, मग इंजिन नंबर. त्यानंतर ट्रान्सफर केसचा दांडा टाकून पुढची चाकं खरंच ओढतात का ते मोकळ्या मातीत बघा. आणि इसार सगळ्यात शेवटी.

मामांनी परवा एका एमएम 540 चा फोटो पाठवलाय. पत्रा सडलेला, सीट फाटलेली, टायर गुळगुळीत. पण इंजिन मूळचं आणि कागद जुळतात, म्हणे. या रविवारी बघायला जातोय. पैसे घरीच ठेवून.

भेटू पुढच्या एपिसोडला!