किराणा दुकानामागची शाळा

दार ढकलून तुम्ही आत येता. हे तर किराण्याचं दुकान! फळ्यांवर माल मांडलेला, हवेत जानेवारीचा गारठा. दक्षिण कॅरोलायनातलं जॉन्स बेट, 7 जानेवारी 1957 ची रात्र. दुकान खोटं नाही, पण ते पुढच्या अंगाला मुद्दाम थाटलंय, येणाऱ्याजाणाऱ्या गोऱ्यांना दुसरा कसला संशय येऊ नये म्हणून. मागच्या खोल्यांना खिडक्या नाहीत. तुम्हाला जायचंय ते तिकडेच.

बाकांवर चौदा कृष्णवर्णीय माणसं बसली आहेत. बहुतेक बायका. दिवसभर राबून आलेली मोठी माणसं, पाय अवघडून बसलेली. तुम्ही शेवटच्या बाकाच्या टोकाला टेकता. सही करायची वेळ आली की आपल्याकडे अंगठा उठवतात, इथे फुली मारतात. यांतल्या काहींनी जन्मभर फुलीच मारली आहे.

पुढे उभ्या असलेल्या बर्नीस रॉबिन्सन शिक्षिका नाहीत. त्यांचा धंदा बायकांचे केस करून देण्याचा. आधी त्यांनी या कामाला साफ नकार दिला होता. मग नात्यातल्या शिक्षिकांकडून लहान मुलांची पुस्तकं मागून आणली, आणि समोरचे चेहरे पाहून ती बाजूला ठेवली. मी काही शिक्षिका नाही, आपण मिळूनच शिकू, असं त्या सांगतात आणि विचारतात, तुम्हाला काय शिकायचंय? आपलं नाव लिहायचंय. बायबल वाचायचंय. गावाबाहेर गेलेल्या मुलाचं पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं नाही. कॅटलॉगमधून माल मागवायचा फॉर्म भरायचाय. आणि मतदार म्हणून नाव नोंदवायचंय. नोंदणीच्या कचेरीत राज्यघटनेतला उतारा वाचून दाखवावा लागतो, सही करावी लागते. इसॉ जेन्किन्स रोज सकाळी आपल्या बसमधून बेटावरच्या लोकांना चार्ल्सटनला कामावर नेतात. मला वाचायला शिकवा, मी मत देईन, असं बसमधल्या एका बाईने त्यांना म्हटलं होतं. जेन्किन्स प्रवासातच घटनेचे उतारे शिकवू लागले. इथून पुढचं सारं त्या बाईच्या मागणीतून उभं राहिलं.

पण शिकवायला केस करणारी बाई का? त्याचं उत्तर शोधायला थोडं मागे चला.

1916. याच बेटावर तुम्ही नावेतून खाड्याखाड्यांनी तासन् तास प्रवास करून उतरता. अठरा वर्षांची सेप्टिमा क्लार्क पहिल्यांदाच शिकवायला आली आहे, कारण चार्ल्सटनच्या सरकारी शाळांत कृष्णवर्णीय शिक्षिका घेतच नाहीत. दोन शिक्षिका, 132 मुलं. चुलीजवळची मुलं भाजून निघतात, मागची कुडकुडतात. फळा नाही, म्हणून बाई धोब्याकडच्या कागदी पिशव्यांवर लिहितात. काय लिहितात? मुलांनीच सांगितलेल्या गोष्टी. जवळच्या गोऱ्यांच्या शाळेत मुलं तीन, आणि तिथल्या शिक्षिकेचा पगार यांच्या दुपटीहून जास्त.

आता 1956. क्लार्कबाईंची चाळीस वर्षं शिकवण्यात गेली आहेत. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचा सभासद सरकारी नोकरीत राहू शकणार नाही, असा कायदा राज्याने केलाय. बाई सभासदत्व लपवत नाहीत. कृष्णवर्णीय शिक्षकांना 726 पत्रं पाठवतात, आपण मिळून विरोध करू म्हणून. उत्तरं येतात 26. त्या न आलेल्या 700 उत्तरांवर मला रागावता येत नाही. ज्याची चूल त्याच पगारावर पेटते, तो काय लिहिणार? बाईंची नोकरी जाते, निवृत्तिवेतनही जातं. वय 58.

टेनेसीच्या डोंगरातली हायलँडर फोक स्कूल ही संस्था त्यांना बोलावते. माइल्स हॉर्टन यांनी 1932 मध्ये सुरू केलेली. काळे आणि गोरे इथे एका टेबलावर जेवतात. बसमधली जागा गोऱ्या प्रवाशाला द्यायला पुढे नकार देणाऱ्या रोझा पार्क्स 1955 च्या उन्हाळ्यात इथल्याच शिबिराला येऊन गेल्या, तेव्हाही शिकवायला क्लार्कबाई होत्या. त्यांनीच जेन्किन्सना इथे आणलं. जेन्किन्स रात्रशाळा मागत होते, पण बेटावर जागा द्यायला सगळे घाबरत होते. शेवटी हायलँडरने कर्ज दिलं, जेन्किन्सच्या प्रोग्रेसिव्ह क्लबने जुनी इमारत घेतली आणि पुढे दुकान उघडलं.

तेव्हा बर्नीस का, हे आता कळतं. त्यांची गिऱ्हाइकं कृष्णवर्णीय बायका; त्यांना कामावरून काढू शकेल असा मालकच नाही. शिवाय समोरच्याचं ऐकून घ्यायची सवय. चाळीस वर्षं शिकवलेल्या बाईंनी फळ्यापुढची जागा आपल्या या नात्यातल्या, कधीही न शिकवलेल्या बाईला दिली. क्लार्कबाईंच्या साऱ्या कामात मला हा निर्णय सर्वांत मोठा वाटतो.

परत बाकावर या. भिंतीवर संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा लावलाय. वर्ग संपेपर्यंत तो तुम्हा सगळ्यांना वाचता यायला हवा, असं बर्नीसबाई सांगतात. पुठ्ठ्यावर प्रत्येकाचं नाव लिहून देतात आणि सगळे त्यावरून पेन्सिल गिरवू लागतात. काट्! पुन्हा काट्! नांगर धरलेल्या, जाळी फेकलेल्या हातांत पेन्सिली मोडतात. कुणी ओशाळत नाही. दुसरी घ्यायची आणि गिरवायचं.

काही आठवडे पुढे सरका. खोली तीच, गर्दी मात्र वाढलेली. फळ्यावर सगळ्यांची नावं आहेत. साठी ओलांडलेली एक बाई उठते, पट्टी हातात घेते, फळ्याजवळ जाते. पट्टीचं टोक एका नावापाशी थांबतं. हे माझं, असं म्हणून ती एकेक अक्षर मोठ्याने म्हणून दाखवते, मग आडनाव शोधते, तेही म्हणते. बर्नीसबाईंच्या अंगावर काटा उभा राहतो. तुमच्याही. ती बाई पट्टी खाली ठेवते आणि आपल्या बाकावर येऊन बसते.