मुरवलेली तांबडी वाइन (नाशिक)
काळ्या द्राक्षांचा रस सालींसह आंबवून ओकच्या पिंपांत व नंतर बाटलीत मुरवलेले मद्य (→ किण्वन). महाराष्ट्रात वाइननिर्मिती १९८०च्या दशकात नारायणगाव परिसरात सुरू झाली. २००१च्या राज्याच्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर ती नाशिक, दिंडोरी भागांत विस्तारली. येथील प्रमुख काळे वाण शिराझ व कॅबर्ने सोव्हिन्यों. शिराझ म्हणजे दक्षिण फ्रान्समधील ऱ्होन खोऱ्यातील सिरा.

मुरताना सालींतील टॅनिनचे रेणू परस्परांशी जोडले जातात, तुरटपणा मावळतो आणि जांभळट रंग विटकरीकडे झुकतो (→ टॅनिन). उष्ण कटिबंधात अशी वाइन टिकत नाही, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही, कारण उष्णतेत द्राक्षातील आम्ल लवकर घटते. पण निर्णायक ठरते ते अक्षांशापेक्षा फळ पिकतानाचे तापमान. नाशिकला पावसाळा सरताना छाटणी करून जानेवारी ते मार्चमध्ये काढणी होते, म्हणजे फळाच्या वाढीचा बराच काळ थंड रात्रींत जातो. या गारव्याला उंचीचीही साथ मिळते: गोदावरीच्याच खोऱ्यातील परभणी सुमारे ३५० मी. उंचीवर, तर नाशिक सुमारे ६०० मी.वर आहे, हा फरक द्राक्षाला लहान नाही. अर्थात फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावरील बांदोल या वाइनप्रदेशाशी नाशिकची तुलना पूर्ण लागू पडत नाही. तेथे नियमानेच तांबडी वाइन किमान १८ महिने लाकडात ठेवावी लागते, येथे मुदत उत्पादक ठरवतो. शिवाय उन्हाळ्यात थंड तळघराविना बाटलीतील मुरवण बिघडते, आणि साठवणुकीची ही अडचण द्राक्षाच्या माथी मारणे योग्य नव्हे (→ द्राक्ष, मद्य).