कमरेखालचा इतिहास : चोळणा, लंगोट आणि जांघ्या

पावसाळा ओसरू लागला की कासचे पठार, अजिंक्यतारा, दंडोबाचा डोंगर या वाटांवर तरुणांची वर्दळ वाढते. बूट कोणते, पाठीवरची पिशवी कोणती, यांवर उघड चर्चा होते. आतून काय घालावे, हा प्रश्न मात्र दबक्या आवाजात विचारला जातो. दिवसभर चालायचे, पळायचे, घाम गाळायचा, तर मांड्या सोलवटू नयेत, काच पडू नये, असे पुरुषाचे अंतर्वस्त्र कोणते? प्रश्न आजचा वाटतो, परंतु सातारा-सांगलीच्या मातीत त्याचा विचार काही शतके झालेला आहे. आजचा धागा त्या विचाराविषयी आहे. थोडा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

प्रथम भूगोलाविषयी एक खुलासा. पुढे सातारा आणि सांगली ही नावे सरमिसळ येतील, त्याला कारण आहे. १९४९ पर्यंत आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग सातारा जिल्ह्यातच होता. त्या वर्षी ‘दक्षिण सातारा’ वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. तालमी, जत्रा, पैलवान आणि त्यांचे वस्ताद यांनी ही सीमारेषा तेव्हाही फारशी मानली नव्हती, आजही मानत नाहीत.

वस्त्रांचा इतिहास म्हटले की आपल्यापुढे पैठणी, शेला, अंगरखा, पगडी उभी राहते. जे दिसण्यासाठी नेसले गेले तेच जपले गेले. घामाने कुजलेला, धुऊन धुऊन विरलेला कापडाचा तुकडा पेटीत कोण ठेवणार? म्हणून या विषयाची साधने वेगळ्या ठिकाणी शोधावी लागतात : प्रवासवर्णनांत, शब्दकोशांत, म्हणींत आणि देवळांत.

जेम्स ग्रँट डफ हा ब्रिटिश अधिकारी १८१८ नंतर काही वर्षे साताऱ्यात छत्रपती प्रतापसिंहांच्या दरबारी होता. मराठ्यांचा इतिहास त्याने १८२६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात मराठा स्वाराच्या वेशाचे वर्णन आहे : गुडघा झाकणारी तंग विजार, डोक्याला मुंडासे, अंगात रुईभरला कुडता आणि तलवार अडकवण्यासाठी कमरेला गुंडाळलेले वस्त्र. ही आखूड विजार म्हणजे आपला चोळणा. तिने गुडघा झाकलेला आहे, ही बाब किरकोळ नाही. घोड्यावर दिवसभर मांड घालून बसणाऱ्याच्या मांडीची आतली बाजू आणि गुडघा खोगिराला अखंड घासत असतात. तिथे उघडी कातडी टिकत नाही आणि सैल कापडाच्या चुण्या कातडीला सोलून काढतात. कापड हवे, तेही अंगाबरोबर आणि गुडघ्याच्या खालपर्यंत. सायकल चालवणारे आज जी गुडघ्यापर्यंतची तंग चड्डी वापरतात, तिचे तर्कशास्त्र नेमके हेच आहे.

याच साताऱ्याच्या पश्चिमेला, जावळी-पाटणच्या खोऱ्यांत, भाताच्या चिखलात उभे राहून लावणी करणाऱ्या शेतकऱ्याला चोळणा निरुपयोगी. गुडघाभर पाण्यात भिजलेले कापड जड होते, पायाला चिकटते आणि वाळत नाही. तिथे लंगोटी आणि वर इरले किंवा घोंगडे. माणदेशी माळावर मेंढरांमागे कोसच्या कोस चालणाऱ्याने धोतराचा काचा मारून ते वर ओढून घ्यायचे. कामाप्रमाणे वस्त्र, हा नियम कोणी लिहून ठेवला नव्हता, पण तो पाळला जात होता. ‘कंबर कसणे’ हा वाक्प्रचार आपण आज केवळ निश्चयाच्या अर्थाने वापरतो. मुळात ती कामाला लागण्यापूर्वीची प्रत्यक्ष कृती होती.

आता लंगोटाकडे वळू. या धाग्याचा खरा नायक तोच.

रचना अगदी साधी. त्रिकोणी सुती कापड, त्याच्या दोन टोकांना लांब बंद आणि तिसऱ्या टोकाला पुरेशी लांब पट्टी. बंद कमरेभोवती घेऊन गाठ मारायची, पट्टी मांड्यांमधून ओढून घट्ट आवळायची आणि खोचून टाकायची. शिलाई मोजकी, बटण नाही, रबर नाही. कंबर वाढली किंवा घटली तरी तोच लंगोट चालतो, कारण माप कापडात नसून गाठीत असते. अवयवांना खालून आधार मिळतो आणि ते शरीराशी बांधलेले राहतात, त्यामुळे उडी, बैठक, झटका यांत इजा होण्याचा धोका कमी होतो. मांडी मात्र पूर्ण मोकळी. ‘लंगोट न बांधता बैठका मारशील तर अंतर्गळ होईल’ अशी ताकीद वस्ताद देत आले आहेत. ती वैद्यकीय कसोटीवर किती उतरते हा भाग वेगळा, पण आधार हवा हे त्यांना अनुभवाने कळले होते.

मोकळ्या मांडीचे आणखी एक काम आहे. शड्डू! हौद्यात उतरलेला पैलवान तळहाताने मांडीवर जी थाप मारतो, ती उघड्या मांडीवरच घुमते. कापडावर ठोकलेला शड्डू ऐकूच येणार नाही.

लंगोटावर जांघ्या चढवतात. हा जाड, शिवलेला, मांडीच्या मुळाशी घट्ट बसणारा. मातीतल्या कुस्तीत तो केवळ लज्जारक्षणासाठी नसतो. प्रतिस्पर्ध्याच्या कमरेला, म्हणजे प्रत्यक्षात त्याच्या जांघ्याला, हात घालून त्याला उचलणे किंवा फिरवणे मातीत चालते. तेलपाण्याने आणि घामाने निसरड्या झालेल्या शरीरावर पकडीची जी थोडी ठिकाणे उरतात, त्यांत हे एक. त्यामुळे जांघ्या फाटता कामा नये, सैल राहता कामा नये आणि समोरच्याला सहज बोटे घालता येतील असा तर मुळीच असू नये. शिवणाऱ्याचे कौशल्य इथे कुस्तीच्या निकालापर्यंत जाऊन पोहोचते.

हौद्याची माती म्हणजे ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून कमावलेली माती. ती अंगाला लागणे चांगले मानले जाते. परंतु तीच माती आणि घाम ओल्या लंगोटात रात्रभर राहिला की नायटा ठरलेला. म्हणून लंगोट रोज धुवायचा, कडक उन्हात वाळवायचा आणि दुसऱ्याचा कधीही वापरायचा नाही, ही तालमीची शिस्त. माझ्या मते या परंपरेतून आजच्या गिर्यारोहकाने उचलण्याजोगी पहिली गोष्ट हीच आहे. दुसरी गोष्ट मात्र तिच्या उलट जाते. सूत घाम शोषते, पण सोडत नाही. तालमीचा सराव ठरावीक वेळ चालतो आणि मग आंघोळ होते, म्हणून तिथे सूत उत्तम. सहा-सात तास डोंगर चढणाऱ्याच्या अंगावर तेच ओले सूत कानशीसारखे घासते. अशा वेळी लवकर वाळणारा, मांडीवर थोडा खाली येणारा विणलेला कपडा घालणारा मुलगा परंपरा मोडत नाही. स्वाराने चोळणा निवडला त्याच तर्काने तो निवड करत असतो.

लंगोटाभोवती श्रद्धेचे एक वलयही आहे. समर्थ रामदासांशी जोडलेले अकरा मारुती बहुतांशी याच पट्ट्यात आहेत : चाफळ, उंब्रज, मसूर, शहापूर, शिंगणवाडी, माजगाव सातारा जिल्ह्यात, तर बहे-बोरगाव आणि शिराळा सांगलीत. मारुती हे तालमीचे दैवत, आणि रामदासांच्या भीमरूपी स्तोत्रात त्याच्या कमरेच्या कासोटीचाही उल्लेख आहे. नव्या मुलाचा पहिला लंगोट मारुतीपुढे ठेवून मगच बांधण्याची रीत अनेक तालमींत आढळते. त्यामुळेच ‘लंगोटाचा पक्का’ म्हणजे ब्रह्मचर्य पाळणारा, चारित्र्याने शुद्ध, असा अर्थ रूढ झाला. एखाद्या अंतर्वस्त्राच्या नावाने माणसाच्या शीलाची ग्वाही द्यावी, हे मला विलक्षण वाटते.

आणि तरीही त्याच शब्दाला एक ‘ई’कार लागला की चित्र पालटते. लंगोट पैलवानाचा, लंगोटी दरिद्र्याची. ‘पळत्या भुताची लंगोटी’ म्हणजे हाती लागेल ते क्षुल्लक. ‘लंगोटीयार’मध्ये बालपणाची माया आहे खरी, पण नागर वर्गाच्या तोंडी ‘लंगोटीबहाद्दर’ हा शब्द कौतुकाचा नसतो. कापड जवळपास तेच आहे. फरक इतकाच की एकाने ते निवडलेले असते आणि दुसऱ्याकडे दुसरे काहीच नसते.

हा फरक नेमका कोणी ओळखला असेल तर महात्मा जोतीराव फुले यांनी. त्यांचे मूळ गाव कटगुण, सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातले. त्यांनी स्वतः पुण्यात लहुजी वस्तादांच्या तालमीत शिक्षण घेतले होते, म्हणजे पैलवानाचा लंगोट त्यांना ठाऊक होता. ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना मात्र त्यांनी शेतकऱ्याच्या अंगावरच्या अपुऱ्या वस्त्रांकडे बोट दाखवले ते दारिद्र्याचा पुरावा म्हणून. १८८८ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ पुण्यात झालेल्या मेजवानीला ते शेतकऱ्याच्या वेशात गेले. झगमगत्या पोशाखांतील पाहुण्यांवरून देशाची पारख करू नका, असे त्यांनी राजपुत्राला सुनावले. गांधीजींनी मदुराईला पंचा स्वीकारला तो २२ सप्टेंबर १९२१ रोजी, म्हणजे त्यानंतर ३३ वर्षांनी. वस्त्राचे राजकारण आपल्याकडे गांधींपासून सुरू झाले असे मानणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

दरम्यान जगात काय चालले होते? १८७४ मध्ये अमेरिकेत सी. एफ. बेनेट याने सायकलस्वारांसाठी एक आधारपट्टा तयार केला. बॉस्टनच्या दगडी रस्त्यांवर सायकल हाकताना बसणाऱ्या हादऱ्यांवर तो उपाय होता. कमरेला पट्टा, पुढे आधार देणारे कापड, मांड्या मोकळ्या. १९३५ च्या जानेवारीत शिकागोच्या एका दुकानात आखूड, विणलेली आधुनिक चड्डी प्रथम विक्रीस आली. जपानी सुमो मल्लाचा मावाशीही लंगोटाचाच दूरचा भाऊबंद. कोणी कोणाची नक्कल केली असे म्हणण्याचे कारण नाही. शरीर सर्वत्र सारखेच असल्याने उत्तरेही मिळतीजुळती निघाली.

खरा संघर्ष झाला तो माती आणि गादी समोरासमोर आल्यावर. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला दोराबजी टाटांच्या पुढाकाराने भारताचा पहिला संघ गेला. त्यात साताऱ्याचे सदाशिव दातार धावपटू म्हणून होते, आणि दोन मल्लही होते. दख्खनचे शेतकरी धावपटू अनवाणी पळतात, हे टाटांनी पुण्याच्या स्पर्धांत पाहिले होते. तिथून पुढे पोशाख हा वैयक्तिक सोयीचा विषय उरला नाही, तो नियमांचा विषय झाला.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडनला गेले तेव्हा गादीवरची कुस्ती त्यांना नवखी होती. तरी ते सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे उभे करताना राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले, ही हकिकत सर्वश्रुत आहे. बँटम वजनगटात खाशाबांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पदकाची कथा आपण सांगतो, पण त्यामागे शरीराला काय काय विसरावे लागले ते सांगत नाही. गादीवर पायात बूट आले, अंगाला घट्ट बसणारा एकसंध पोशाख आला, आणि प्रतिस्पर्ध्याचा पोशाख धरणे नियमबाह्य ठरले. बालपणापासून जांघ्यावर जाणारा हात आखडून घ्यायचा. माती पायाला धरते, गादी धरत नाही, उलट कोपर-गुडघे भाजून काढते. वयाच्या विशीत सवयींचा असा संच बदलून जगातल्या तिघांत येणे, हे त्या पदकाचे खरे वजन.

पुढच्या पिढीने दोन्ही पोशाख आपलेसे केले. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कवठेपिरानचे मारुती माने आणि शिराळा तालुक्यातील पुनवतचे गणपतराव आंदळकर यांनी प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य जिंकले. दोघेही सांगली जिल्ह्याचे, दोघेही मातीत वाढलेले, दोघेही हिंदकेसरी.

महाराष्ट्र केसरी स्पर्धेत आज माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्हींचे विजेते अखेरच्या लढतीत समोरासमोर येतात. कुंडलच्या मैदानावर किंवा गावोगावच्या जत्रांत मात्र अजून लंगोट-जांघ्याचेच राज्य आहे. गादीवर उतरणारे अनेक मल्लही त्या एकसंध पोशाखाच्या आत लंगोट बांधतात. आंतरराष्ट्रीय नियम वरच्या पोशाखाचे आहेत, आतल्या गाठीविषयी पंच विचारत नाहीत.