सव्वादोन रुपयांचा डॉलर

कोलकात्याला पोस्टिंग असताना रविवारी फोर्ट विल्यममधून निघून हुगळीच्या काठाने स्ट्रँड रोडवर चालत जायचो. तिथे जुन्या टांकसाळीची ग्रीक धाटणीची इमारत ओसाड उभी आहे. 1918 नंतर इथे आणि मुंबईच्या टांकसाळीत जे रुपये पडले, त्यांतल्या पुष्कळांची चांदी अमेरिकन डॉलरची होती.

पहिले महायुद्ध चालू होते. हिंदुस्थानातून ताग, धान्य, कातडी आणि माणसे बाहेर चालली होती, पण त्याचे पैसे इथे रुपयांत चुकवावे लागत. शिपायाचा मूळ पगार महिना 11 रुपये, आणि घरच्यांना मनीऑर्डर हवी ती खणखणीत वाजणाऱ्या रुपयांत. त्यांचे काय चुकले? 1917 च्या अखेरीस एक रुपयाची कागदी नोट निघाली, तीसुद्धा चांदीच्या टंचाईमुळेच. पुढल्या वसंतात फ्रान्समधून जर्मन चढाईच्या बातम्या आल्या आणि नोटा मोडायला गर्दी उसळली. खजिन्यातले रुपये संपत आले.

अमेरिकेच्या तिजोरीत मात्र चांदीचे डॉलर थप्प्यांनी पडून होते. 23 एप्रिल 1918 ला तिथे पिटमन कायदा झाला. त्याखाली 27 कोटींवर डॉलर वितळवले गेले. जवळजवळ 26 कोटींची चांदी ब्रिटनने हिंदुस्थानसाठी घेतली, शुद्ध चांदीच्या औंसाला एक डॉलर या भावाने.

आता हिशेब बघा. डॉलरचे वजन 26.73 ग्रॅम, हजारात 900 भाग चांदी, म्हणजे शुद्ध चांदी 24.06 ग्रॅम. आपला रुपया 11.66 ग्रॅमचा, बारात अकरा भाग चांदी, म्हणजे 10.69 ग्रॅम. भागून पाहा, एका डॉलरमध्ये बरोबर सव्वादोन रुपयांची चांदी निघते! दोन महिन्यांच्या मूळ पगाराला दहा डॉलरही लागले नाहीत.

आमच्या एका हवालदाराच्या घरी जुन्या पेटीत असाच 1889 चा डॉलर निघाला. "साहेब, किती येतील?" म्हणून त्याने विचारले. सोनाराकडे जाण्याआधी घरीच बरेच कळते. काट्यावर वजन करा; झिजलेले नाणे थोडे हलके भरेल, दोन-तीन ग्रॅम कमी भरले तर संशय घ्या. लोहचुंबकाला चिकटले तर विषयच संपला. मग दोऱ्याने पाण्यात लोंबकळत तोला. वजन सुमारे 2.6 ग्रॅमने घटायला हवे. शुद्ध चांदीच्या ग्रॅमला आजचा भाव गुणिले 24 केले की चांदीची किंमत आली. त्याखाली कुणाला देऊ नये. 1971 नंतर वापरात आलेल्या आयझेनहॉवर डॉलरला हा हिशेब लावू नका. त्यात तांबे-निकेलच आहे, फक्त संग्राहकांसाठी काढलेल्या काहींत 40 टक्के चांदी असते. आणि चिंच-राख लावून घासू तर मुळीच नका, संग्राहक पाठ फिरवतात.

संग्राहकाची किंमत मात्र वेगळ्याच गोष्टीवर ठरते. कुठल्या सालाचे किती डॉलर पाडले याच्या नोंदी आहेत, पण 1918 नंतर वितळवले त्यांत कुठल्या सालाचे किती गेले, हे कुणी लिहून ठेवले नाही. त्यामुळे लाखांनी पाडलेले एखादे साल आज दुर्मीळ निघते, आणि 1921 सारखे, वितळवणीनंतर कोट्यवधींनी पाडलेले, चांदीच्या भावाच्या थोडेच वर जाते.