अतिरिक्त पायांचे कोडे : उभयचरांतील विकृतींच्या अभ्यासाचा इतिहास आणि कर्जत-खालापूर परिसर

प्रस्तावना

कर्जत व खालापूर तालुक्यांत न्यूट किंवा सॅलॅमँडर आढळत नाहीत. भारतातील सॅलॅमँडरचे वास्तव्य पूर्व हिमालय व ईशान्येकडील डोंगराळ भागापुरते मर्यादित आहे. मात्र भातखाचरे व ओहोळ यांमुळे हा परिसर बेडकांना अनुकूल आहे. माथेरान येथील नमुन्यांवरून बूलेंजर यांनी १८८८ मध्ये बेडकाच्या एका नव्या जातीचे वर्णन केले होते. म्हणून उभयचरांच्या पायांतील विकृतींचा प्रश्न येथे बेडकांच्या संदर्भात अभ्यासावा लागतो.

प्रयोगांची परंपरा

सॅलॅमँडरचा तुटलेला पाय पुन्हा वाढतो, हे स्पालान्झानी यांनी १७६८ मध्ये मांडले. बेटसन यांनी १८९४ च्या ग्रंथात अतिरिक्त अवयवांची उदाहरणे संकलित केली आणि असे अवयव बहुधा परस्परांच्या आरशातील प्रतिमेसारखे असतात, हे दाखविले. यामुळे विकृती ही केवळ अद्भुत घटना न राहता नियमबद्ध घटना ठरली.

या अभ्यासात भारतीय संशोधकांचा वाटा महत्त्वाचा आहे. राजस्थान विद्यापीठातील नियाझी व सक्सेना यांनी १९७८ मध्ये जीवनसत्त्व 'अ' च्या अतिरिक्त मात्रेमुळे भेकाच्या डिंभांत पायांची पुनर्निर्मिती विकृत होते, असे दाखविले. १९९२ मध्ये उत्कल विद्यापीठातील मोहंती-हेजमाडी, दत्ता व महापात्र यांनी याच जीवनसत्त्वाच्या प्रभावाखाली बेडकाच्या डिंभात कापलेल्या शेपटीच्या जागी पाय उगवल्याचे 'नेचर' मध्ये प्रसिद्ध केले.

कारणांचा शोध

निसर्गातील विकृतींचे एक कारण सेशन्स व रूथ यांनी १९९० मध्ये पुढे आणले. कॅलिफोर्नियातील सॅलॅमँडर व बेडकांत पर्णकृमींच्या पुटींमुळे वाढत्या पायाच्या ऊतीची रचना विस्कळीत होऊन जादा पाय फुटतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९९५ मध्ये मिनेसोटातील शालेय विद्यार्थ्यांना विकृत बेडूक मोठ्या संख्येने आढळल्यावर हा विषय सार्वजनिक झाला. १९९९ मध्ये जॉन्सन व सहकाऱ्यांनी रिबेरोइया या पर्णकृमीचा संसर्ग प्रयोगशाळेत घडवून विकृती निर्माण केल्या. या कृमीचे जीवनचक्र गोगलगाय, डिंभ व पक्षी यांतून पूर्ण होते. पाय नसणे ही विकृती मात्र वेगळी असून, चतुराच्या अळ्या डिंभांचे पाय कुरतडतात, हे त्याचे एक कारण पुढे मांडले गेले.

स्थानिक संदर्भ

खोपोली (१९१५) व भिवपुरी (१९२२) येथील जलविद्युत केंद्रांमुळे घाटमाथ्यावरील पाणी पाताळगंगा व उल्हास खोऱ्यांत वर्षभर येऊ लागले. पुढे रसायनी परिसरात रासायनिक उद्योग उभे राहिले. साचलेले पाणी, गोगलगायी, खते व रसायने हे घटक एकत्र नांदत असल्याने येथे विकृत बेडूक आढळल्यास त्याचा दोष तत्काळ एकाच घटकावर ठेवणे अशास्त्रीय ठरेल. अतिरिक्त पाय आणि अपुरा पाय यांची कारणे भिन्न असू शकतात.

निष्कर्ष

विकृतीचे कारण ठरविण्यासाठी सामान्य स्थितीची नोंद आधी असावी लागते. भातखाचरांतील बेडकांची जात, संख्या, पायांची स्थिती व पाण्याचे स्वरूप यांची दर पावसाळ्यात नोंद ठेवणे महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांना सहज शक्य आहे. मिनेसोटातील प्रश्नाची सुरुवातही विद्यार्थ्यांच्या निरीक्षणानेच झाली होती.