पहिले समर्थन (हुतात्मा जस्टिन)

पहिले समर्थन हा हुतात्मा जस्टिन (सुमारे इ.स. १०० – सुमारे इ.स. १६५) यांचा ग्रीक भाषेतील ग्रंथ होय. सुमारे इ.स. १५५ मध्ये लिहिलेला हा ग्रंथ रोमन सम्राट अँटोनिनस पायस यांना उद्देशून आहे.

आरोप व उत्तरे

त्या काळी ख्रिस्ती लोकांवर नास्तिकता, राजद्रोह व गुप्त अनाचार असे आरोप होत. केवळ 'ख्रिस्ती' या नावासाठीही शिक्षा होई. एका परमेश्वराची उपासना करणारे नास्तिक नव्हेत, तसेच ख्रिस्ती लोक कर भरतात, असे जस्टिन यांनी प्रतिपादन केले. विधींविषयीचा संशय दूर व्हावा म्हणून बाप्तिस्मा, प्रभुभोजन व रविवारची सभा यांचे त्यांनी उघड वर्णन केले.

अनुयायांचे दोष

काही ख्रिस्ती गुन्हेगार ठरले आहेत, हे जस्टिन यांनी नाकारले नाही. तत्त्वज्ञ म्हणवणारे सर्वच त्या नावास पात्र नसतात, तसेच ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांचेही आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. म्हणून प्रत्येकाचा न्याय नावावरून न करता कृत्यांवरून करावा आणि ख्रिस्ताच्या शिकवणीविरुद्ध वागणाऱ्या नामधारी ख्रिस्ती व्यक्तींनाही शिक्षा द्यावी, अशी मागणी त्यांनी केली.

महत्त्व

दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती उपासनेच्या अभ्यासासाठी हा ग्रंथ महत्त्वाचे साधन मानला जातो. जस्टिन यांना पुढे रोममध्ये श्रद्धेसाठीच मृत्युदंड देण्यात आला.